दुखणं एकाचं, औषध दुसऱ्याच्या हाती

पत्र:

ताई, नमस्कार.

मी एका मोठ्या कंपनीत पुरवठादारांची बिलं तपासून पेमेंटला पाठवणाऱ्या विभागात आहे. बारा वर्षं झाली. काम जमतं, पण आता त्यात जीव रमत नाही. स्वतःचं काहीतरी सुरू करावं असं फार दिवस मनात आहे. म्हणून वर्षभर एक वही ठेवली आणि रोजच्या जगण्यात, धंद्यात जे जे खटकलं ते लिहीत गेलो. काउंटरपुढच्या रांगा, वेळ ठरवून न येणारी माणसं, ऑनलाइन घेतलेली वर्गणी बंद करताना होणारी दमछाक, दर ठिकाणी तोच फॉर्म आणि तीच माहिती, भरवशाचा दुरुस्तीवाला न मिळणं, इमारतीच्या सामायिक जागांची हेळसांड, लहान पुरवठादारांची महिनोन्‌महिने अडकलेली बिलं, निष्फळ बैठका. यादी बरीच मोठी आहे, इथे थोडीच दिली.

मला कोडं पडलंय ते असं, की इतके साधे प्रश्न इतकी वर्षं तसेच कसे राहिले? कुणाला उत्तर सुचलं नाही, की त्यात पैसाच नाही? वेळ न पाळणाऱ्यांना दंड लावणारी एखादी व्यवस्था काढावी असंही मनात येतं. माझे मेहुणे म्हणतात, दुरुस्तीवाल्यांचं ॲप काढ, पैसे मी घालतो. बायको म्हणते, आधी नोकरी सांभाळा. मी कोणता प्रश्न हातात घ्यावा?

– वहीवाला

उत्तर:

नमस्कार.

वहीची कल्पना मला आवडली. बहुतेक माणसं आधी ॲपचं नाव ठरवतात आणि मग त्याला साजेसा प्रश्न शोधत फिरतात. तुम्ही निदान प्रश्नापासून सुरुवात केलीत.

पण तुमच्या कोड्यातला पहिला अंदाज मला खोडायचा आहे. हे प्रश्न कुणाला काही सुचलं नाही म्हणून उरलेले नाहीत. यातल्या बहुतेकांची उत्तरं ठाऊक आहेत, काहींची तर शंभर वर्षांपासून. ते उरलेत कारण झळ एकाला बसते आणि ती थांबवण्याचा अधिकार किंवा खर्च दुसऱ्याकडे असतो. तेव्हा वहीत प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने आखा. पहिल्यात लिहा, याचा तोटा कुणाला होतो. दुसऱ्यात लिहा, हे बदलायचं तर सही कुणाची लागते. दोन्हीकडे एकच नाव आलं तर तिथे धंदा होऊ शकतो. वेगळी नावं आली तर नुसत्या हुशारीने भागत नाही. दुसऱ्या रकान्यातल्या माणसाला पहिल्याचं दुखणं कसं जाणवेल, हे आधी शोधावं लागतं.

एकच नाव आलं की काय होतं ते पाहा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनमध्ये जेम्स रिटी नावाच्या माणसाचा मद्याचा गुत्ता होता. गल्ल्यावरची माणसं पैसे खिशात घालायची आणि त्याला पत्ता लागायचा नाही. १८७८ साली युरोपला जाताना बोटीवर त्याने बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचे फेरे आपोआप मोजणारं यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, विक्रीही अशी मोजता येईल. १८७९ साली त्याने आणि त्याच्या भावाने गल्ल्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तो धंदा पुढे हस्ते परहस्ते गेला आणि १८८४ साली जॉन पॅटरसनने त्यातून नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी उभी केली. कल्पना छान होतीच, पण पैसे जात होते मालकाचे आणि यंत्र घ्यायचं की नाही हेही मालकच ठरवणार होता. दोन्ही रकान्यांत एकच माणूस.

आता तुमच्या यादीतली रांग घ्या. रांगेचं गणित जुनं आहे. आग्नर एरलांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता आणि फोनच्या गर्दीचा हिशेब मांडणारा त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा आहे. तिथून जे शास्त्र निघालं, त्यातलं अगदी सोपं उदाहरण सांगते. एकच खिडकी आहे, माणसं केव्हाही येतात आणि प्रत्येकाचं काम सरासरी पाच मिनिटांचं पण कमीजास्त. खिडकीमागचा कारकून दिवसातला ८० टक्के वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला रांगेत सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. तो ९० टक्के वेळ कामात असेल तर ४५ मिनिटं. ९५ टक्के असेल तर ९५ मिनिटं, म्हणजे दीड तासाच्याही वर. कारकुनाचं काम ८० टक्क्यांवरून जेमतेम ९५ टक्क्यांवर गेलं आणि रांगेत थांबण्याचा वेळ जवळजवळ पाचपट झाला.

हे वाचून पहिल्यांदा विश्वास बसत नाही, म्हणून तुमच्याच ऑफिसात आठवून पाहा. सगळ्यांचे हात भरलेले असतात त्याच आठवड्यात टेबलावरचे ढीग चढतात. माणसं आळशी झालेली नसतात. मध्ये श्वास घ्यायला जागा उरलेली नसते, म्हणून एखादं काम लांबलं की त्यामागची सगळी लांबतात.

मग रांगा का हटत नाहीत? कारण साहेबाला कारकुनाची रिकामी २० टक्के दिसतात. ती पगारपत्रकात आहेत. रांगेतल्या माणसाची वाढलेली ७५ मिनिटं कुठल्याच वहीत नाहीत. त्यामुळे साहेब कारकून कमी करतो आणि त्याची शाबासकीही मिळवतो. तुम्ही त्याला टोकनचं यंत्र विकू शकाल, तो घेईलही, कारण टोकन आलं की माणसं खुर्च्यांवर पांगतात आणि रांग डोळ्यांना दिसत नाही. वेळ मात्र तितकाच लागतो. अनेक खिडक्यांना मिळून एकच रांग केली तर खरा फायदा होतो. एक किचकट काम आलं म्हणून त्याच्या मागचे सगळे अडकून राहत नाहीत. त्याला फक्त दोरी लागते, तुमची कंपनी लागत नाही.

रांगेच्या प्रश्नात धंदा आहे तो एवढ्याच ठिकाणी, जिथे कंटाळलेला माणूस उठून दुसरीकडे जाऊ शकतो. तिथे त्याचा वेळ आपोआप मालकाच्या हिशेबात येतो. जिथे त्याला दुसरीकडे जायची सोयच नाही, तिथे तुम्ही कितीही सुंदर यंत्र घेऊन जा, बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतील. रांगेतच म्हणा ना.

वर्गणी बंद करण्याची दमछाक तुमच्या वहीतून आजच खोडा. तो बिघाड नाही, ती मुद्दाम केलेली सोय आहे, फक्त तुमच्यासाठी नाही. आत येण्याचं बटण ठळक आणि बाहेर पडण्याचं सापडत नाही, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून कायद्यानेच वेबसाइटवर रद्द करण्याचं बटण ठेवणं बंधनकारक केलं. हे काम कायद्याचंच. तुमच्या स्टार्टअपने त्यात पडू नये. बैठकींबद्दलही मी फार बोलत नाही. बैठक बोलावणाऱ्याला ती आवडते आणि बसलेल्यांच्या तासांचा पगार त्याच्या खिशातून जात नाही. दोन्ही रकाने तुम्हीच भरा.

वेळ ठरवून न येणाऱ्यांना दंड लावायचा तुमचा विचार आहे, तिथे जरा थांबते. दंड हे सगळ्यांना सुचणारं उत्तर आहे आणि ते तपासून झालेलं आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी लक्ष ठेवलं. निबंध २००० साली छापून आला. आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून सहा पाळणाघरांत उशिराला छोटा दंड लावला. उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. आधी आपल्यामुळे बाई थांबून राहिल्यात याची लाज वाटायची. आता त्या थांबण्याचा दर ठरला आणि लोक तो निवांतपणे भरू लागले. पुढे दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही. लाज एकदा गेली ती परतली नाही.

न येणाऱ्या माणसांबाबत मी आधी एवढंच पाहीन, की वेळ रद्द करणं किती सोपं आहे. कितीतरी ठिकाणी वेळ घ्यायला तीन मार्ग असतात आणि सोडायला एकच फोन, जो कुणी उचलत नाही. माणूस दोनदा लावतो आणि सोडून देतो. आदल्या दिवशी मोबाइलवर संदेश पाठवला की गैरहजेरी कमी होते, हे दवाखान्यांमधल्या बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. त्याच संदेशाला उत्तर देऊन वेळ सोडता आली तर ती जागा दुसऱ्याला मिळेल. यात झळ आणि सही दोन्ही दवाखान्याची किंवा केशकर्तनालयाची, म्हणजे विकणं शक्य आहे. अडचण एवढीच की हे करणारे आधीच पुष्कळ झालेत.

दर ठिकाणी तोच फॉर्म भरण्याचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तिथे कुणालाच कुणाचं नुकसान नको असतं, पण आधी कोण, यावर घोडं अडतं. बारकोडचं असंच झालं होतं. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना पेटंट १९५२ साली मिळालं. दुकानात पहिली वस्तू त्या पट्ट्यावरून वाचली गेली २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी. ते च्युइंगगमचं पाकीट होतं. मधली बावीस वर्षं काही प्रमाणात लेसर आणि संगणक स्वस्त होण्यात गेली. पण उत्पादक म्हणणार, दुकानांत वाचायची यंत्रं नाहीत तर पट्टे का छापू, आणि दुकानदार म्हणणार, मालावर पट्टेच नाहीत तर यंत्र का घेऊ. शेवटी किराणा व्यवसायातल्या मंडळींनी एकत्र समिती नेमून १९७३ साली एकच खूण ठरवली, तेव्हा कोंडी फुटली. असल्या प्रश्नात एकट्या नव्या कंपनीने उडी घेऊ नये. सगळ्यांनी मानलेली एखादी संस्था आधी लागते.

इमारतीच्या जिन्याचा आणि गच्चीचा प्रश्न धंद्यात बसत नाही, पण तुम्ही विचारलाय म्हणून एक गोष्ट सांगतेच, मला ती फार आवडते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक मालमत्ता लोक कशी सांभाळतात याच्या अभ्यासाबद्दल. त्यांनी दिलेलं एक उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचं. डोंगरावरचं कुरण सगळ्या गावाचं. १५१७ सालच्या नोंदीत नियम आहे, की हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसू शकता तितक्याच उन्हाळ्यात कुरणावर सोडा. काय नेमका नियम आहे पाहा! गवत मोजावं लागत नाही, कुणी किती खाल्लं यावर भांडण नाही, आणि जास्त गाई आणणाऱ्याला हिवाळ्यात त्या स्वतःच्या खिशातून जगवाव्या लागतात. तुमच्या इमारतीत ‘येथे सामान ठेवू नये’ अशी पाटी असेल. तिच्याऐवजी असा एखादा नियम शोधा, ज्यात मोडणाऱ्याची झळ मोडणाऱ्यालाच लागेल. समितीच्या पुढच्या सभेला एवढं पुरेल.

आता मेहुण्यांचं ॲप. भरवशाचा दुरुस्तीवाला मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ॲप काढून काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. घरातला नळ बिघडला, बाईंनी तुमच्या ॲपवरून माणूस बोलावला, त्याने काम चोख केलं. जाताना बाई म्हणणार, तुमचा नंबर देऊन ठेवा. झालं. पुढच्या वेळी फोन थेट जाईल, तुमचं दलाली शुल्क दोघांचंही वाचेल. माणूस जितका चांगला, तितक्या लवकर तो तुमच्या हातातून सुटणार. ज्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही, त्यालाच तुमच्या ॲपची कायम गरज. काही महिन्यांनी तुमच्याकडे उरतील ती असली माणसं, आणि नवे ग्राहक आणायला मेहुण्यांचे पैसे जाहिरातीत जात राहतील. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला, त्यात हेच दाखवलं होतं. घेणाऱ्याला चांगलं आणि वाईट ओळखता येत नसेल तर तो दोन्हीला मधलाच भाव देतो, मग चांगला माल घरीच राहतो आणि बाजारात वाईटच उरतो. त्या कामाबद्दल त्यांना २००१ साली नोबेलचा वाटा मिळाला.

शिवाय दुरुस्तीतली खरी गोम वेगळीच आहे. बिघाड काय आहे हे सांगणारा आणि दुरुस्तीचे पैसे घेणारा माणूस एकच असतो. ‘आतला सगळा भाग बदलावा लागेल’ हे खरं की खोटं, तुम्हाला कळायला मार्ग नाही. काम झाल्यावरही कळत नाही, म्हणून लोकांनी दिलेल्या तारकाही फारशा कामाच्या नसतात. तारका मिळतात त्या वेळेवर येण्याला आणि गोड बोलण्याला. यावर एक उपाय निदान आणि दुरुस्ती वेगळी करण्याचा. उत्तर आयर्लंडमध्ये गाड्यांची सक्तीची तपासणी सरकारी केंद्रांत होते आणि ती केंद्रं दुरुस्ती करतच नाहीत, त्यामुळे खोटा दोष काढून त्यांना काही मिळत नाही. ब्रिटनच्या उरलेल्या भागात मात्र हीच तपासणी बहुतांशी खासगी गॅरेजं करतात, आणि तीच गॅरेजं दुरुस्तीही करून देतात.

मेहुण्यांना हेच करायचं असेल तर घरगुती ग्राहक सोडून द्यायला सांगा. ज्याच्याकडे पन्नास शाखा आहेत, किंवा जो अनेक इमारतींची देखभाल पाहतो, त्याला आठवड्याला दुरुस्ती लागते. त्याला फसवणूक पुन्हापुन्हा भोगावी लागते आणि सहीही त्याचीच. त्याला दुरुस्तीवाला पुरवू नका. बिघाड खरा होता का आणि बदललेला भाग खरंच बदलला का, एवढं तपासून देणारा माणूस द्या. मोबदला तपासणीचा, दुरुस्तीतला टक्का एक पैचाही नाही. हे चालेलच असं मी म्हणत नाही, पण यात रकाने तरी जुळतात.

आणि आता तुमच्या वहीतल्या ज्या ओळीवर मी थबकले तिच्याकडे येते. लहान पुरवठादारांची अडकलेली बिलं. तुम्ही ती रांगेच्या आणि फॉर्मच्या सोबत, परक्याच्या तक्रारीसारखी लिहिली आहे. अहो, ती बिलं तुमच्याच टेबलावरून जातात! बाहेरून या प्रश्नाकडे बघणारे शेकडो असतील. आतून बारा वर्षं बघितलेले थोडे. तुम्ही दुसरीकडे कशाला शोधताय?

कायद्याने काय झालं ते आधी सांगते. ब्रिटनमध्ये १९९८ साली कायदा झाला, की बिल उशिरा दिलं तर पुरवठादाराला व्याज मागता येईल. हक्क मिळाला, पण मागायला फारसं कुणी जात नाही. जो तुमचा सर्वात मोठा ग्राहक आहे त्याला व्याजाची नोटीस पाठवून पुढची ऑर्डर कशी मिळणार? औषध रोग्याच्याच हातात दिलं आणि ते घेतल्यावर त्याची रोजी जाण्याची भीती. फ्रान्सने २००८ सालच्या कायद्याने मुदत बिलाच्या तारखेपासून ६० दिवसांवर बांधली. पुढे पुरवठादाराने तक्रार करण्याची वाट न बघता सरकारी यंत्रणाच तपासणी करून दंड करू लागली. २०१६ साली त्या दंडाची कमाल मर्यादा २० लाख युरो झाली आणि दंड झालेल्या कंपन्यांची नावं जाहीर करण्याचा नियम आला. नाव छापून येणं वरच्या साहेबांना लागतं. दुसऱ्या रकान्यातल्या माणसाला झळ पोचवायची ती अशी.

बाजाराने काढलेला उपायही पाहून घ्या, कारण तुम्हाला तोच सुचण्याचा संभव आहे. बँकेने पुरवठादाराला लवकर पैसे द्यायचे, थोडी कपात करून, आणि मोठ्या कंपनीकडून नंतर वसूल करायचे. ऐकायला उत्तम. कॅरिलियन ही ब्रिटनमधली बांधकाम आणि सेवा क्षेत्रातली मोठी कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली. तिची नेहमीची मुदत १२० दिवसांची होती. ४५ दिवसांत पैसे हवे तर पुरवठादाराने कपात सोसायची. म्हणजे स्वतःच उशीर करायचा आणि तो उशीर टाळण्याची किंमत पुरवठादाराकडून घ्यायची. ही सोय आहे म्हटल्यावर मुदत लांबवायला कुणाला काय वाटणार? तेव्हा नुसतं आगाऊ पैसे देणारं दुकान काढायच्या फंदात पडू नका. ते भांडवलवाल्यांचं काम आहे, आणि बऱ्याचदा त्याने दुखणं वाढतं.

तुम्ही करावं असं मला वाटतं ते वेगळं आहे. उशिरा गेलेल्या बिलांचे दोन ढीग असतात हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. एक ढीग रोखून धरलेल्यांचा. तिमाही संपताना बँकेत रक्कम जास्त दिसावी म्हणून वरून निरोप येतो, ‘आत्ता काढू नका.’ त्या ढिगाला हात लावू नका. कंपनीला तो हवाच आहे. त्याविरुद्धचं काही विकत घ्यायला ती पैसे देणार नाही.

दुसरा ढीग अडकलेल्यांचा. बिलावर ऑर्डरचा नंबर चुकला. माल शंभर नग मागवला, पंचाण्णव आला, बिल शंभराचं. माल गोदामात पडून आहे पण स्टोअरने आल्याची नोंदच केलेली नाही, म्हणून ऑर्डर, नोंद आणि बिल यांची जुळणी होत नाही. मंजुरी देणारे रजेवर. बँक खातं बदललं आणि पडताळणी राहिली. या ढिगाचा फायदा कुणालाच नाही. पुरवठादार रोज फोन करतो, ‘पेमेंट निघालं का?’ तुमचा माणूस म्हणतो, ‘सिस्टिममध्ये दिसत नाही.’ कंटाळून तो बिल पुन्हा पाठवतो आणि कधी त्याच बिलाचे पैसे दोनदा जातात. लवकर पैसे दिल्यावर मिळणारी सूट बुडते. तातडीचा माल मागितला तर पुरवठादार टाळाटाळ करतो, आणि पुढच्या वेळी दर सांगताना उशिराचे दिवस त्यात धरूनच सांगतो. ही सगळी झळ कंपनीला बसते, आणि सहीही कंपनीचीच. रकाने जुळले.

यात सर्वात वाईट भाग असा, की अडकल्याचं पुरवठादाराला कळतं ते मुदत उलटल्यावर. तिसऱ्या दिवशीच कुणी सांगितलं असतं, की नंबर चुकलाय, दुरुस्त करून पाठवा, तर महिना वाचला असता.

म्हणून नोकरी सोडण्याआधी नोकरीतच एक काम करा. साहेबांना सांगून, चोरून नव्हे. मागच्या तिमाहीत उशिरा गेलेली बिलं काढा. प्रत्येकापुढे तारखा लिहा: माल कधी आला, नोंद कधी झाली, बिल कधी आलं, सिस्टिमला कधी चढलं, जुळणी, मंजुरी, पेमेंट. दिवस कुठे गेले ते दिसेल. माझा अंदाज, निम्मे दिवस तुमच्या विभागात बिल पोचण्याच्या आधीच गेलेले असतील, स्टोअरमध्ये आणि चुकीच्या नंबरात. मग एखाद्याच प्रकारच्या बिलांसाठी सुरू करा, जुळलं नाही की दोन दिवसांत पुरवठादाराला कारणासकट कळवायचं. एक्सेल आणि ईमेल पुरेल. फोन कमी झाले की नाही, आणि दिवस कमी झाले की नाही, हे दोन आकडे ठेवा.

पुरवठादारांशीही बोला, पण ‘लवकर पैसे मिळाले तर आवडेल का’ असं विचारू नका. नाही कोण म्हणेल? विचारा, मागचं बिल अडकलं तेव्हा तुम्ही काय केलंत, कुणाला फोन केलात, किती वेळा केलात, त्या महिन्याचे पगार कसे दिलेत. उत्तरात ते दुसऱ्या एखाद्या कंपनीबद्दल जास्त चिडून बोलतील. ती कंपनी तुमचा पहिला ग्राहक होऊ शकते, तुमची स्वतःची नव्हे.

बायकोचं म्हणणं बरोबर आहे, फक्त मुदत घाला. बाहेरच्या एका कंपनीने या कामासाठी पैसे मोजायचं लेखी कबूल केलं की मग नोकरी सोडण्याची चर्चा घरात काढा. ‘कल्पना छान आहे’ असं म्हणणाऱ्यांची संख्या कितीही झाली तरी ती यात धरू नका. मेहुण्यांचे पैसे आत्ता घेऊ नका. या कामाला अजून पैसे लागतच नाहीत, आणि घेतलेच तर त्यांना ॲप हवंय हे विसरू नका.

आणि एक काम आज रात्रीच. तुमचं नेमणूकपत्र काढून नीट वाचा. नोकरीत असताना तुम्ही तयार केलेल्या गोष्टींवर कंपनीचा हक्क, असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं. तसं असेल तर ऑफिसात करायचा तो प्रयोग कंपनीचाच समजा. कंपनीच्या संगणकावरची एकही फाइल, पुरवठादारांची यादी किंवा दर घरी नेऊ नका. बाहेरच्यासाठी जे बनवाल ते स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या लॅपटॉपवर, कोऱ्या पानापासून बनवा. कलमाची भाषा कळत नसेल तर काम सुरू करण्याच्या आधी वकिलाला दाखवा.